एक आखूड रेघ

वर्गसमीकरण सोडवायचं सूत्र सगळ्या वर्गाला तोंडपाठ होतं. ‘वजा ब, अधिक-वजा वर्गमुळात ब वर्ग वजा चार अक, भागिले दोन अ.’ कुणी अडखळत नव्हतं, त्यामुळे मी निर्धास्त होते. त्या दिवशी फळ्यावर ३क्ष² − ५क्ष + १ = ० हे समीकरण दिलं. याचे सरळ अवयव पडत नाहीत, म्हणून मुद्दाम निवडलेलं.

फिरता फिरता एका मुलीच्या वहीपाशी थांबले. अ = ३, ब = −५, क = १ या किमती नीट मांडलेल्या. ब² म्हणून −२५ लिहिणारी मुलं दरवर्षी असतात. हिनं २५च लिहिले होते. विवेचक, म्हणजे वर्गमुळाच्या आतली संख्या, २५ − १२ = १३, तोही बरोबर. आणि उत्तराच्या ओळीत भागाकाराची रेघ फक्त √१३ च्या खाली. ५ रेघेच्या बाहेर.

‘रेघ लांब कर’ म्हणून मी पुढे जाणार, तेवढ्यात तिनंच विचारलं, “बाई, पण ५ च्या खाली रेघ का जाते?”

‘सूत्रच तसं आहे’ हे अगदी ओठांवर आलं होतं. ते गिळलं. म्हटलं, तुझं उत्तर आधी समीकरणात घालून बघ. √१३ साधारण ३.६, म्हणजे तिच्या रेघेनं क्ष आला ५ + ३.६/६ = ५.६. तिनं आकडेमोड केली: ९४.०८ वजा २८ अधिक १. शून्य यायला हवं तिथे ६७.०८! चुकलंय हे तिला कळलं, पण का चुकलं ते अजून कळलं नव्हतं.

मग मी फळा पुसला आणि सूत्र बाजूला ठेवून तेच समीकरण जुने गणिती श्रीधराचार्य यांच्या रीतीनं सोडवायला घेतलं. १२व्या शतकात भास्कराचार्यांनी ‘बीजगणिता’त ही रीत श्रीधरांच्याच नावानं दिली आहे. मला ती फार आवडते, कारण शेवटच्या पायरीपर्यंत अपूर्णांक येतच नाही. आधी ४अ नं, म्हणजे १२ नं गुणायचं:

३६क्ष² − ६०क्ष + १२ = ०

१२ पलीकडे न्यायचे आणि दोन्ही बाजूंत ब², म्हणजे २५ मिळवायचे:

३६क्ष² − ६०क्ष + २५ = १३

डावीकडे (६क्ष − ५)² तयार. वर्गमूळ घेतलं, ५ पलीकडे नेला:

६क्ष = ५ ± √१३

इथे मी खडू थांबवला. “६ नं भागा,” मागच्या बाकावरून आवाज आला. “कशाला भागू?” मी विचारलं.

ती मघाची मुलगी उठून उभी राहिली. “सगळ्यालाच, बाई. भागायची वेळ येते तेव्हा ५ तिथे आलेलाच असतो.”

खडू तिच्या हातात दिला. तिनं ५ पासून √१३ च्या टोकापर्यंत रेघ ओढली, खाली ६ लिहिला. जागेवर जाऊन बसली, पण पेन चालूच होतं. तास संपताना वही घेऊन आली. दोन्ही मुळांची, म्हणजे क्षच्या दोन्ही उत्तरांची, बेरीज केली होती: √१३ उडालं, उरले ५/३.

“बाई, हे तर वजा ब भागिले अ!”

मुळांची बेरीज मी पुढच्या आठवड्यात घेणार होते.