सत्तर रुपये आणि एक वाटाणा

दुपारी मेथी निवडायला बसले होते. टीव्ही आपला चालू होता, सोबतीला. कसलीशी मालिका संपली, चॅनल बदलायला रिमोट उचलला, तर नेमके विश्वास सरपोतदार समोर. संपलं. मेथीची जुडी मांडीवर तशीच, रिमोट हातात तसाच, आणि मी ‘सत्तर रुपये वारले’ यायची वाट बघत बसले. जणू या वेळी धनंजय माने पैसे परत देणार होते!

‘अशी ही बनवाबनवी’ 1988चा. आपल्यापैकी कुणी तो पहिल्यांदा बघितला तो दिवस आठवून दाखवावा. तो आपल्याला असतोच, आडनावासारखा. पुढचं वाक्य काय, ते कोण म्हणणार, म्हणताना मान कुठल्या बाजूला जाणार, सगळं पाठ. तरी सरपोतदार झालेल्या सुधीर जोशींच्या चेहऱ्यावरून नजर हलत नाही. तो कुणी तिसराच इसम गेला म्हणून आधी हळहळ, मग त्या हळहळीच्या आडून हळूच डोकावणारे आपले सत्तर रुपये, आणि मग तेही त्याच वाटेनं गेल्याची बातमी. दोन-तीन सेकंदांत एक माणूस दोनदा सुतकात जातो. हे बघायला मी आणखी वीस वर्षं बसेन.

मग सिनेमा आपल्याला धरून ठेवतो तो कशानं? ‘पुढे काय होणार’ या उत्सुकतेनं, हे कुणी सांगितलं? रहस्यपटवाल्या हिचकॉकचं ते बॉम्बचं उदाहरण जरा बरं. टेबलाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला आधीच सांगून टाकायचं, मग टेबलावर चाललेल्या फालतू गप्पाही तो जीव मुठीत धरून ऐकतो. आपल्याकडे बॉम्ब नाही, ‘बनवाबनवी’तल्या घरमालकीण लीलाबाई काळभोर आहेत. सुधा आणि पार्वती म्हणजे साडीतले पुरुष, हे आपल्याला माहीत, त्यांना नाही. तेवढ्यावर अख्खा महाराष्ट्र जागचा हलत नाही. पण पाठ झालेल्या सिनेमाचं कोडं त्यानंही सुटत नाही. बॉम्ब फुटून, धूर विरून इतकी वर्षं झाली. मी अजून टेबलापाशीच.

साताऱ्यात आमच्या पेठेतलं मंडळ गणपतीत रस्त्यावर सिनेमा दाखवायचं. या विजेच्या खांबापासून त्या खांबापर्यंत पांढरा पडदा ताणलेला. मोठी माणसं प्रोजेक्टरच्या बाजूला सतरंजीवर, आणि जागा धरायला उशीर झालेले सगळे पडद्याच्या मागे. आम्ही कायम मागे, कारण आमच्या घरी पानं उरकल्याशिवाय कुणी उंबरा ओलांडत नसे. मागून बघताना नावं उलटी, शर्टाची बटणं उलटी, आणि सगळे नायक डावखुरे. धाकट्या भावाचं कित्येक दिवस पक्कं मत होतं की सिनेमात काम मिळायला डावखुरं असावं लागतं. सुरुवात कधीच मिळाली नाही. आलो की शेजारी बसलेल्याला विचारायचं, हा कोण? ‘थोरला.’ आणि ती? ‘ती चांगली आहे.’ बास, एवढ्या माहितीवर आम्ही आत. मला अजूनही मधूनच हाती लागलेला सिनेमा जास्त धरतो. पहिल्यापासून बघितला की सगळे सांगून-सवरून येतात. मध्ये घुसलं की आपल्याला माणसं हुडकावी लागतात.

एका वर्षी ऑपरेटरनं रिळांची अदलाबदल केली. मघाशी ज्यांना तिरडीवर बघितलं होतं ते वडील पुढच्या रिळात पाटावर बसून जेवत होते. मोठ्यांच्या बाजूनं एक-दोन आरोळ्या गेल्या. मागच्या बाजूला कुणी हूं की चूं केलं नाही. समोरच्या वाड्यातल्या काकूंनी एवढंच म्हटलं, ‘बरं झालं बाई, पोरीचं लग्न तरी बघतील.’ आणि आम्ही सगळे शेवटपर्यंत बसलो. त्या गृहस्थांचा प्रत्येक घास आम्ही ज्या काळजीनं बघितला, तसा नीट क्रमानं दाखवला असता तर बघितला असता का? कथेचा क्रम, बांधणी, पटकथा याविषयी कुणी फार गंभीर बोलायला लागलं की मला ते गृहस्थ आठवतात आणि मी विषय बदलते.

दूरदर्शनवरच्या शनिवारच्या मराठी सिनेमाचं वेगळं. तिथं आम्हाला धरून ठेवणारी मुख्य गोष्ट म्हणजे दुसरं चॅनल नव्हतं. उठून जाणार कुठे? याची आपण हल्ली भक्तिभावानं आठवण काढतो, पण कितीतरी सिनेमे निव्वळ नाइलाजानं बघितलेत, हे सांगून टाकलेलं बरं. त्याच नाइलाजात ‘सामना’ बघितला. तेंडुलकरांचं लेखन, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन. 1975 साली बर्लिनच्या महोत्सवापर्यंत जाऊन आलेला. साखर कारखाना, सहकार, हिंदुराव धोंडे पाटलांचं साम्राज्य यातलं काडीचं कळलं नाही. कळला फक्त एक दारूडा मास्तर आणि त्याचा एक प्रश्न. मारुती कांबळेचं काय झालं? मास्तर झालेले श्रीराम लागू तो कधी बरळत विचारतात, कधी शुद्धीत. आणि दर वेळी हिंदुराव झालेल्या निळूभाऊ फुल्यांचा चेहरा काही न होता बदलतो. आई स्वयंपाकघरातून दर थोड्या वेळानं ओरडून विचारायची, ‘झालं का कळलं मारुती कांबळेचं?’ तिनं एकही दृश्य बघितलं नव्हतं. कणिक मळता मळता सिनेमानं तिला भिंतीपलीकडून धरलं होतं.

पुढे एकाच खोलीत घडणाऱ्या सिनेमांचं वेड लागलं. सिडनी ल्युमेटचा 1957चा ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’: बारा ज्यूरी, एक टेबल, 96 मिनिटं, आणि खोलीबाहेरचं अगदी नावापुरतं. बासू चॅटर्जींनी त्यावरून ‘एक रुका हुआ फैसला’ केला, तोही तसाच चिकटून बसतो. ल्युमेटनं नंतर लिहून ठेवलंय की सिनेमा पुढे सरकेल तशा त्यानं लेन्स लांब पल्ल्याच्या घेतल्या, म्हणजे भिंती माणसांवर चालून आल्यासारख्या वाटतात. आणि कॅमेरा हळूहळू डोळ्यांच्या वरून खाली आणला, शेवटी छतही दिसायला लागतं. हे वाचून मी मुद्दाम भिंती बघायला बसले. पंधरा मिनिटांत भिंती विसरले.

मला विचाराल तर या सगळ्याचा बाप म्हणजे फाळक्यांचा वाटाणा. ‘राजा हरिश्चंद्र’ गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये लागला 3 मे 1913ला. त्याच्या आदल्या वर्षी फाळके लंडनहून कॅमेरा घेऊन आले होते, पण सिनेमा काढायला पैसे नव्हते. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि दिवसामाजी थोडं थोडं करत त्याची वाढ टिपली. महिना-दीड महिन्याचं उगवणं पडद्यावर मिनिटभरात. नाव ‘अंकुराची वाढ’. ते बघून पैसेवाल्यानं पैसे दिले! नायक नाही, खलनायक नाही, गाणं नाही, टेबलाखाली काही नाही. एक वाटाणा, आणि त्याला वर यायचंय.

सरपोतदारांना सत्तर रुपये हवेत. मास्तरला मारुती कांबळे हवाय. त्या चौघांना पुण्यात जागा हवीय, आणि ज्यानं पुण्यात जागा शोधली आहे त्याला ती इच्छा किती खोल असते ते सांगायला नको. पडद्यावरच्याला काहीतरी मनापासून हवं असलं की आपण गुंततो, असं म्हणून इथं थांबता आलं असतं. पण मग ती बॅग आठवते.

ही माझी खास खोड. सिनेमात नायिका कायमची घर सोडून निघते. पार्श्वसंगीत, पाऊस, दारात सासू. आणि हातातली सूटकेस अशी उचलते की आत एक रुमालसुद्धा नसावा. झालं, मी बाहेर. तिला जायचंय यावर माझा विश्वास उडालेला असतो. तसेच ते रिकामे कप. ‘घ्या ना चहा,’ म्हणत कप पुढे करतात, समोरचा बोलता बोलता तो आडवातिडवा हलवतो, आणि एक थेंब सांडत नाही. पाच कोटींचा सेट लावता, अर्धा कप चहा नाही होत? उलट कुणी खरोखर काही करत असलं, पदर खोचून भाकरी थापत असलं, सायकलची चेन बसवत असलं, तर कथा गेली खड्ड्यात, मला ती भाकरी पूर्ण फुगलेली बघायची असते. गाड्यांच्या पाठलागात मात्र मला हमखास डुलकी लागते.

परवा भाचा राहायला आला होता. अठरा वर्षांचा आहे, सगळं दीडपट वेगानं बघतो. ‘वेळ वाचतो मावशी.’ वाचवलेल्या वेळात काय करतोस, तर आणखी एक बघतो. मी हट्टानं त्याला ‘सामना’ लावून दिला. स्वयंपाकघरातून ऐकते तर लागू तुरुतुरु बोलताहेत, निळूभाऊ तुरुतुरु उत्तरं देताहेत, आणि सगळा सहकार चौथ्या गिअरमध्ये. मी बाहेर येऊन फोन काढून घेतला.

जेवताना आमटी वाढून घेत म्हणाला, ‘पण त्या कांबळेचं झालं काय?’

‘सांगणार नाही. नीट बघ.’

‘नीट म्हणजे?’

‘एकपटीनं.’

शेवटी सव्वापटीवर तडजोड झाली.