आमची वाटचाल: कॉन्टॅक्टरच्या कॉइलपासून पिनबॉलपर्यंत

अंबड एमआयडीसीत आमचा कॉइल वाइंडिंगचा गाळा आहे. नाशकात स्विचगिअरची कामं भरपूर, त्यामुळे कॉन्टॅक्टरच्या (मोटारीसारख्या यंत्राची वीज चालू-बंद करणाऱ्या स्विचच्या) कॉइलला गिऱ्हाईक शोधत फिरावं लागलं नाही. पिनबॉल, म्हणजे काचेखालच्या उतरत्या फळीवर पोलादी बॉल खेळवायचं मशिन, डोक्यातही नव्हतं. एके दिवशी एका गेमिंग झोनचा मालक पिशवीतून जळकी कॉइल घेऊन आला. म्हणाला, "काका, हिच्यावाचून मशिन महिनाभर बंद आहे. एवढी भरून द्या."

लेबलवर छापलं होतं एई-२६-१२००. म्हणजे २६ गेजची तार, १२०० टर्न (वेढे). कारखान्याने सगळं लिहूनच दिलंय, आता काय अवघड, असं वाटलं. साडेनऊशे टर्नलाच बॉबिन भरली. वाइंडिंगवरच्या ताई म्हणाल्या, "दादा, मावत नाही हो, तार चुकली असेल." मी म्हटलं, मावेल तेवढी भरा.

ती कॉइल स्लिंगशॉटची, म्हणजे फ्लिपरच्या (खेळणारा बटण दाबून हलवतो त्या दांड्याच्या) वरच्या अंगाला बॉलला लाथ मारणाऱ्या रबराची. मशिन चालू केलं, बॉल सुटला, शेजारचं प्लास्टिक फुटलं आणि पाठोपाठ फ्यूज गेला. चूक गेजची होती: लेबलवरचं अमेरिकन २६ गेज म्हणजे ०.४०५ मिमी, आपण धरतो ते एसडब्ल्यूजी, म्हणजे ब्रिटिश गेज, त्यात २६ म्हणजे ०.४५७ मिमी. जाड तार, त्यात टर्न कमी. अकराच्या आसपास ओहम हवे होते, आमचे सातही भरले नाहीत, म्हणून करंट जास्त गेला. मल्टिमीटर टेबलावरच होता, लावला कोणी? प्लास्टिकचे पैसे आम्ही भरले. दुसरी कॉइल मात्र बरोबर बसली आणि तोच मालक पुढे आणखी दोन मशिनं घेऊन आला. मग पुण्या-मुंबईचे हौशी लोकही येऊ लागले.

त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: जुनं दणकट की नवं? मी काच काढून प्लेफिल्ड, म्हणजे बॉल खेळतो ती फळी, उभं करतो आणि खालून बघतो. वरची चित्रं, दिवे, खेळणी बघून काही कळत नाही.

आधी फ्लिपर. प्लंजर, म्हणजे कॉइल आत ओढते तो लोखंडी दांडा, दर फटक्याला कॉइल स्टॉपवर, म्हणजे त्याला अडवणाऱ्या पत्र्यावर, आदळतो. हजारो फटक्यांनी त्याचं टोक छिन्नीच्या डोक्यासारखं पसरतं, मग ते नायलॉनच्या नळीत घासायला लागतं आणि फ्लिपर मलूल होतो. गिऱ्हाईक म्हणतं कॉइल गेली. कॉइल बिचारी ठणठणीत असते. प्लंजर, नळी आणि स्टॉप बदलले की काम झालं. म्हणून स्टॉपचा पत्रा किती जाड, ब्रॅकेट किती स्क्रूंवर धरलंय, हे मी आधी चाचपतो. अमेरिकेच्या विल्यम्स कंपनीने १९९९ मध्ये पिनबॉल बनवणं बंद केलं, पण त्यांच्या नव्वदच्या दशकातल्या मशिनांचे हे भाग अजून हातात घेतले की वजन जाणवतं.

मग लाकूड. प्लेफिल्ड मेपलचा थर लावलेल्या प्लायचं, जाडी साधारण १३ मिमी, वर क्लिअर कोट. बॉल २७ मिमीचा, पोलादी, ८० ग्रॅमचा. तो उडून आपटला की खाली बारीक खळी पडणारच. नव्या मशिनवर त्या खळ्या उठून दिसतात आणि मालकाचा जीव खालीवर होतो. त्यात घाबरण्यासारखं काही नाही; खेळता खेळता खळ्या एकमेकींत मिसळतात आणि नजरेआड होतात. खरा दोष वेगळा. एका नव्या कोऱ्या मशिनचा कोट पोस्टच्या, म्हणजे फळीवरच्या खुंटीच्या, बुडाशी सुरकुतला आणि पुढे चित्रासकट टवका निघाला. आम्ही पोस्ट सैल करून खाली वॉशर घातले. गेलेला रंग काही परत आला नाही. लाखांच्या मालात कोट नीट वाळू न देणं मला पटत नाही.

इलेक्ट्रॉनिक्समध्ये पारडं इकडेतिकडे होतं. जुन्या मशिनात कॉइल आणि दिवे चालवणारा एक मोठा ड्रायव्हर बोर्ड. टीआयपी १०२ ट्रान्झिस्टर गेला तर सोल्डरिंग आयर्न घेऊन अर्ध्या तासात बदलतो. पण तेच जुने बल्ब तापून कनेक्टर करपवतात आणि बोर्डवरचे सेल गळून ट्रॅक खातात. स्टर्न या अमेरिकन कंपनीने २०१५ च्या सुमाराला स्पाइक प्रणाली आणली: जागोजाग छोटे नोड बोर्ड, वायरिंग हलकं, दिवे एलईडी, त्यामुळे उष्णता फारच कमी. पण भाग इतके बारीक की आमच्याकडे बहुतेक वेळा अख्खा बोर्डच बदलावा लागतो, आणि तो परदेशातून यायचा. जर्सी जॅक या दुसऱ्या कंपनीचं २०१३ चं पहिलं मशिन तर एवढं भरगच्च की त्याच्या प्लेफिल्डला हात घालायला मी दुसरा माणूस बोलावतो.

स्टर्नच्या एकाच खेळाच्या प्रो (साधी) आणि प्रीमियम (महाग) या आवृत्त्यांतलं काय घेऊ, असंही विचारतात. प्रीमियममध्ये यंत्रणा जास्त, म्हणजे बिघडायला जागाही जास्त. झोनमध्ये दिवसभर पोरं बडवणार असतील तर प्रो घ्या. माझा धंदा बुडतो, पण सांगतो.

मे महिन्याच्या सुट्टीआधी आम्ही स्लिंगशॉट आणि फ्लिपरच्या कॉइल जादा भरून ठेवतो. तारेची जाडी मोजायचा मायक्रोमीटर आता ताईंच्याच खणात असतो. ती पहिली फसलेली कॉइल त्यांनी वाइंडिंग मशिनशेजारी खिळ्याला अडकवली आहे; मी घाई करायला लागलो की त्या बोलत काही नाहीत, नुसतं तिकडे बघतात.