वेस्ट ऑकलंडची वही : ‘डब्ल्यू. ए.’ची गाठ सैल झाली

वेस्ट ऑकलंड या इंग्लंडमधल्या हौशी फुटबॉल क्लबचा इतिहास मी शीटमध्ये भरतोय. तीन आठवडे काही टाकलं नाही, कारण एकाच रकान्यात रुतून बसलो होतो. काल रात्री गाठ सैल झाली, म्हणून लगेच लिहितोय.

अडकलो होतो 1909 मध्येच. डरहॅममधल्या कोळसा खाणीतल्या पोरांचा संघ लिप्टन चषक ही आंतरराष्ट्रीय स्पर्धा खेळायला इटलीतल्या तुरिनला गेला कसा? नेहमीची गोष्ट तुम्हाला पाठ आहे : एफएने, म्हणजे इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने, संघ द्यायला नकार दिला, मग ‘डब्ल्यू. ए.’ म्हणजे वुलिच आर्सेनलला (आजचा आर्सेनल) जायचं निमंत्रण चुकून वेस्ट ऑकलंडला गेलं. मला हे कधीच पटलं नव्हतं, पण नुसतं ‘पटत नाही’ लिहून वही पुढे सरकत नाही.

जुनी वर्तमानपत्रं चाळताना जीव मेटाकुटीला आला. ‘ऑकलंड’ शोधा, की अर्धं न्यूझीलंड समोर येतं आणि उरलेलं शेजारचं बिशप ऑकलंड. ज्या संग्रहाची वर्गणी भरली, त्याचं स्कॅनिंग इतकं पुसट की 3 कुठला आणि 8 कुठला कळत नाही. पुन्हा भरणार नाही. त्यापेक्षा आरएसएसएसएफ या फुटबॉल आकडेवारीच्या संकेतस्थळाची साधी, चित्रं नसलेली पानं लाखमोलाची.

शेवटी धागा मिळाला माझ्याच शीटमध्ये. तारखेपुढे वार यावा म्हणून सूत्र टाकलं. 11 एप्रिल 1909, रविवार : स्टुटगार्टच्या स्पोर्टफ्रॉइंडवर 2-0. 12 एप्रिल, सोमवार : विंटरथुरवर 2-0 आणि चषक. खाली 1911 : 16 एप्रिल, रविवार, झुरिकवर 2-0. 17 एप्रिल, सोमवार, युव्हेंटसवर 6-1! दोन्ही वेळा रविवार-सोमवार कसे? ईस्टरच्या तारखा काढल्या. 1909 ला 11 एप्रिल, 1911 ला 16 एप्रिल. अंगावर काटा आला.

ईस्टर म्हणजे इंग्लिश लीगमध्ये सामन्यांची नुसती रीघ, गुड फ्रायडेपासून सोमवारपर्यंत. आर्सेनल तेव्हा पहिल्या डिव्हिजनमध्ये. असा व्यावसायिक क्लब ऐन मोसमात लीग टाकून इटलीला जाईल, हे कुणी धरून चालेल असं मला वाटत नाही. हौशी संघाला मात्र सुट्टीचे तेच दिवस सोयीचे. यावरून पत्र चुकलंच नाही असं सिद्ध होत नाही, पण ती गोष्ट आता ‘घटना’तून ‘आख्यायिका’त हलवली आहे.

कोल्हापुरात पेठेच्या संघासाठी खिशातले पैसे घालणारी माणसं बघत मोठा झालो, त्यामुळे पदरमोड करून तुरिन गाठणारी ही पोरं मला परकी वाटत नाहीत.

पुढचा बेत 1920 च्या दशकाचा होता. पण लिहिता लिहिताच एक गोष्ट नजरेत भरली. दोनदा जिंकून कायमचा मिळालेला चषक कर्जापायी गावातल्या हॉटेलच्या मालकिणीकडे 40 पौंडांना गहाण पडला, तो 100 पौंड मोजून सोडवला 1960 मध्ये. आणि क्लबने नॉर्दर्न लीग, म्हणजे ईशान्य इंग्लंडमधली त्यांची लीग, कधी जिंकली? 1959-60 आणि 1960-61! 1961 लाच वेम्बलीवर अमॅच्युअर कपची, म्हणजे इंग्लंडमधल्या हौशी संघांच्या चषकाची, फायनल, वॉल्थमस्टो अव्हेन्यूकडून 2-1 नं हुकलेली. म्हणजे चषक परतला तो मैदानावर क्लबची चलती असतानाच. हे दोन रकाने इतके दिवस वेगवेगळ्या शीटमध्ये होते, म्हणून कधी शेजारी दिसलेच नाहीत.

तेव्हा 1920 चं दशक नंतर. आधी ते दोन मोसम सामन्यागणिक भरतो, आणि चषकाला स्वतःचं पान देतो : 1909 पासून 1994 च्या चोरीपर्यंत.