वहीच्या मागच्या पानावरचा हिशेब

रविवार, रात्र

जुनी वही उघडायची तर हातात पेन्सिल हवी. नुसती वाचली तर एक तर लाज वाटते, नाहीतर स्वतःचंच कौतुक वाटतं, आणि दोन्हींतून लिखाणाबद्दल काही कळत नाही. लिखाण पुढे सरकलं की नाही, ते मोजून पाहिलेलं बरं.

रीत साधी आहे. दोन उतारे घ्यायचे, एक दोन वर्षांपूर्वीचा, एक या महिन्यातला. दोन्ही 500 शब्दांच्या आसपास, म्हणजे हाताने लिहिलेली फुलस्केपची दोन-सव्वादोन पानं. विशेषणाभोवती गोल. भावनेच्या नावाखाली रेघ: हुरहूर, एकटेपणा, अस्वस्थता, पोकळी. आणि जे हातात धरता येतं, कानाला ऐकू येतं, नाकाला कळतं, त्यावर फुली. बेरीज वहीच्या मागच्या पानावर. जुन्या उताऱ्यात 31 गोल, 12 रेघा, 4 फुल्या. नव्यात 13 गोल, 3 रेघा, 19 फुल्या.

आकडे बघून लगेच हरखायचं नाही. वाण्याच्या यादीतही फुल्याच फुल्या निघतील. ती वस्तू माणसाबद्दल काही सांगते का, हे दुसऱ्या फेरीत बघायचं. जुन्या वहीतलं हे वाक्य:

"खचाखच भरलेल्या लोकलमध्ये सगळ्यांच्या चेहऱ्यावर दिवसभराचा थकवा आणि एक अनामिक पोकळी दिसत होती."

गाडी कुठली ते कळत नाही. माणूस एकही दिसत नाही. 'अनामिक' म्हणजे तर नाव सुचलं नाही याची कबुलीच. तोच प्रसंग वाशी-ठाणे गाडीत नेऊन बसवला तर:

"तुर्भ्याला चढलेल्या बाईने कोथिंबिरीची पिशवी मांडीवर घेतली. कोपरखैरणे यायच्या आत तिचा डोळा लागला. पिशवीच्या बंदाचे दोन वेढे मनगटाला तसेच होते."

थकव्याचं नाव कुठे घेतलेलं नाही. बाजार समिती तुर्भ्याला, त्यामुळे पिशवी कुठून आली तेही सांगावं लागत नाही. बंदाचे वेढे बाकीचं काम करतात. पण खोट आहेच, आणि ती कोथिंबिरीत आहे. विकायला ठोक घेतली असेल तर मांडीवर मावणार नाही, गाठोडं दाराशी राहील. घरापुरती जुडी असेल तर ती झोपेतही एवढी जपायची कशाला? एक तर माल बदलायला हवा, नाहीतर बाई. आज सुटत नाही.

सोमवार

'मी त्याला बोललो', 'मला पुस्तक भेटलं' हे ठाण्यात आणि नवी मुंबईत सर्रास ऐकू येतं. पात्राच्या तोंडी ते राहू द्यावं. ऐरोलीच्या नाक्यावरचा पोरगा मित्राशी 'मी म्हणालो, मला मिळालं' असं बोलायला लागला तर भाषणाला उभा राहिल्यासारखा वाटेल. निवेदनात मात्र 'म्हणाला' आणि 'मिळालं'.

याहून जास्त होणारी गल्लत वेगळीच. निवेदन 'केले, गेले' असं सुरू होतं आणि तिसऱ्या पानावर 'केलं, गेलं' मध्ये घसरतं. दोन्ही चालतं, एकाच निवेदनात दोन्ही चालत नाही. हे दुरुस्त करताना फाइलमध्ये 'होते' शोधून सरसकट 'होतं' करायला जाऊ नये. 'घर होते'चं 'घर होतं' होईल, पण 'मुलगे होते'चंही 'मुलगे होतं' होऊन बसेल. एकेक थांबून बघायचं. 3000 शब्दांच्या कथेला यात अर्धा-पाऊण तास जातो, आणि तो वाचवता येत नाही.

जाता जाता: 'करण्यात आले' आणि 'च्या माध्यमातून' दिसले की खोडायचे. ती सरकारी पत्रकाची भाषा. कोणी केलं ते लिहायचं.

बुधवार

शुद्धलेखन म्हटलं की तरुण लिहिणाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. खरं तर मराठी साहित्य महामंडळाचे नियम 1962 मध्ये 14 होते, 1972 मध्ये त्यांत 4 वाढले. एकूण 18. रोजच्या लिखाणात पुन्हा पुन्हा अडवणारे त्यांतले चार-पाचच.

पहिला म्हणजे फूल आणि फुलाला, गरीब आणि गरिबाला, वीट आणि विटेला. शब्दाला प्रत्यय लागला की शेवटून दुसऱ्या अक्षरातला दीर्घ ईकार किंवा ऊकार ऱ्हस्व होतो. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द मात्र बदलत नाहीत: शरीर, शरीराला. दुसरा अनेकवचनाच्या अनुस्वाराचा, आणि हा थेट अर्थाला हात घालतो. डोळ्यात कचरा जातो, डोळ्यांत पाणी येतं. कचरा एकाच डोळ्यात गेला, रडताना दोन्ही डोळे रडतात. रविवारचं वाक्य परत पाहिलं तर तिथे 'सगळ्यांच्या चेहऱ्यावर' आहे. माणसं डबाभर, चेहरा एकच! दोन वर्षं ते तसंच पडून होतं.

तिसरी चूक लिहिणाऱ्याची कमी, यंत्राची जास्त. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलताना 'ऱ्य' फुटून 'र्य' होतो. मग आचाऱ्याला दिलेले पैसे आचार्याला जातात आणि सह्याद्रीच्या दऱ्यांचा दर्या होतो. शब्दतपासणीला यात काही वावगं दिसत नाही, कारण दोन्ही शब्द खरेच आहेत. फाइलमध्ये 'र्य' शोधायचं आणि सूर्य, कार्य, धैर्य सोडून बाकी प्रत्येक ठिकाणी थांबायचं.

गुरुवार

नवं काही नाही. फक्त मोठ्याने वाचन. 1000 शब्दांना आठ-नऊ मिनिटं लागतात. जिथे श्वास पुरत नाही तिथे समासात टिंब, जिथे जीभ अडखळते तिथे दोन. वाचताना दुरुस्ती करायची नाही, नाहीतर लय तुटते आणि पुढचं ऐकूच येत नाही. फोनवर ध्वनिमुद्रण करून दुसऱ्या दिवशी ऐकलं तर आणखी एक गोष्ट कळते: कंटाळवाण्या परिच्छेदात आवाज आपोआप भरभर धावतो.

शुक्रवार

कथेचं साल आणि गाव ठरलं की कागदाच्या कोपऱ्यात तेव्हा काय होतं आणि काय नव्हतं ते लिहून ठेवावं. आजचा नमुना: कथा 1998 मधली, नायक ठाण्याला वाशीची गाडी पकडतो. ही गाडी 2004 मध्ये सुरू झाली. दिघा गाव स्टेशन जानेवारी 2024 मधलं, म्हणजे 2015 च्या कथेत ऐरोलीनंतर थेट ठाणे. गडकरी रंगायतन 1978 चं. त्याआधीच्या ठाण्यात तलावपाळीवर फिरणाऱ्या जोडप्याला तिथे नाटकाला पाठवता येणार नाही. ठाण्याच्या खाडीतल्या रोहित पक्ष्यांचे, म्हणजे फ्लेमिंगोंचे, बहुतेक थवे पावसाच्या तोंडावर निघून जातात, तेव्हा श्रावणात गुलाबी खाडी रंगवायची नाही.

अशा चुका फक्त वाचकाच्या धाकाने काढायच्या नाहीत. 1998 मधल्या त्या नायकाला कुर्ल्याला उतरावं लागतं, पूल चढून हार्बरच्या फलाटावर यावं लागतं, थांबावं लागतं. जे संभाषण धावत्या गाडीत कोंबून बसवलं होतं, त्याला इथे ऐसपैस दहा मिनिटं मिळतात. गाडी चुकवली, प्रसंग सुधारला.

शनिवार

दिवाळी अंकाला कथा पाठवायची तर दिवाळीत जागं होऊन उपयोग नाही. जूनअखेरपर्यंत, फार तर जुलैत ती संपादकाच्या हाती पडायला हवी. ऑगस्टपासून मांडणी आणि जाहिरातींची घाई सुरू होते. त्यातून उलटं मोजायचं. जूनअखेर पाठवणी, तर मेअखेर शेवटचा खर्डा, त्याआधी सहा आठवडे कथा बंद पाकिटात. म्हणजे पहिला खर्डा एप्रिलच्या मध्याला संपलेला हवा. हे सहा आठवडे तरुण लेखक हमखास गाळतो. कथा लिहून झाली त्याच रात्री पाठवतो आणि सकाळी चहा पिताना त्याला दुसऱ्याच परिच्छेदातली चूक दिसते.

फाइल युनिकोडमध्ये, पानांना क्रमांक, पहिल्या पानावर नाव, पत्ता, फोन आणि शब्दसंख्या. सोबतचं पत्र चार ओळींचं. कथेचा आशय त्यात समजावून सांगायचा नाही. एका वेळी एकाच अंकाकडे. दोन-अडीच महिने उत्तर आलं नाही तर एकदा विचारायचं आणि मग दुसरीकडे पाठवायला मोकळं. नकाराचं कारण बहुतेकदा कळत नाही, त्यामुळे ते मनाने रचत बसण्यात अर्थ नाही. काय पाठवलं, कुठे, कधी, काय झालं, अशी चार रकान्यांची वही ठेवली की पुरे.

नाकारलेल्या कथेवर करण्यासारखी एक गोष्ट आहे. ठाण्यात 1893 पासून मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. तिथे किंवा घराजवळच्या वाचनालयात बसून दहा छापील कथांचा पहिला परिच्छेद हाताने उतरवून काढायचा. माणूस कितव्या वाक्यात येतो, त्याला काय हवंय ते कितव्या वाक्यात कळतं, एवढंच समासात लिहायचं. मग आपला पहिला परिच्छेद शेजारी ठेवायचा. गजर वाजतोय, पाऊस पडतोय, नायिका आरशात बघतेय, चहा उकळतोय: यातलं काही असेल तर तो परिच्छेद झाकून दुसऱ्यापासून वाचायचं. बहुतेक वेळा कथा तिथूनच सुरू होत असते.

रविवार, सकाळ

कोथिंबिरीच्या जागी लिंबं. शंभर लिंबं चार-पाच किलोंची होतात, जाड पिशवीत मांडीवर मावतात, आणि ठाणे स्टेशनबाहेर पोतं अंथरून संध्याकाळपर्यंत विकता येतात. एक घरंगळलं तरी पैसे गेले, म्हणून बंदाचे वेढे. आता तिचा डोळा कोपरखैरण्याच्या आधी लागायला नको. आधी ती लिंबं चाचपून बघेल, मऊ पडलेली वर काढेल. डोळा लागेल तो पुढच्या स्टेशनला, घणसोलीला.