यांबुकूच्या पाच सुया

आजचा सुट्टीचा दिवस इबोलाच्या पहिल्या साथीविषयी वाचण्यात गेला आणि मन अजूनही त्यातून बाहेर आलेले नाही. १९७६ साली तेव्हाच्या झाईरमधील (आजच्या काँगो लोकशाही प्रजासत्ताकातील) यांबुकू येथील मिशनच्या रुग्णालयात बाह्यरुग्ण विभागाला रोज सकाळी पाच सिरिंज आणि सुया दिल्या जात, आणि एकाला टोचलेली सुई कोमट पाण्यात नुसती विसळून पुढच्याला टोचली जाई. प्रसूतिपूर्व तपासणीला आलेल्या कितीतरी तरुण स्त्रियांना ती बाधा तिथेच झाली, हे वाचताना पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहावे लागले. तिथल्या बेल्जियन नन सेवाभावानेच राबत होत्या आणि त्यांच्यातल्याही काही जणी दगावल्या, त्यामुळे राग तरी कोणावर धरावा? एकूण ३१८ रुग्णांपैकी २८० मरण पावले. रुग्णालयातील १७ कर्मचाऱ्यांपैकी ११ गेले आणि अखेर रुग्णालय बंद करावे लागले. मला सर्वाधिक भावले ते मात्र आसपासचे गावकरी, ज्यांनी देवीच्या साथींच्या जुन्या अनुभवावरून, बाहेरचे तज्ज्ञ पोहोचण्याआधीच, रस्त्यांवर अडसर घालून ये-जा थांबवली होती. त्यांच्याबद्दल आणखी चार पाने असायला हवी होती.