सारेकला कुठला टेंट नेऊ?

तुम्ही विचारलंत म्हणून, आणि उन्हाळा जवळ आला की कुणी ना कुणी विचारतंच म्हणून, एकदा सविस्तर लिहितो. ‘हिमालयात वापरलेला डोम आहे, स्वीडनच्या सारेकला चालेल का, की टनेलच घेऊ?’ (डोम म्हणजे घुमटासारखा टेंट, टनेल म्हणजे बोगद्यासारखा लांबट.) मी कंपनीचं नाव सांगत नाही याचा काहींना राग येतो. येऊ दे. सारेक हे उत्तर स्वीडनमधलं डोंगराळ राष्ट्रीय उद्यान. त्याच्या आतल्या भागात आखलेली वाट नाही, मुक्कामाला केबिन नाहीत, झाडं संपली की आडोसाही संपतो. तिथे नुसत्या नावावर भागत नाही.

टनेल मला आवडतो. पोल थेट फ्लायच्या (पाऊस अडवणाऱ्या बाहेरच्या कापडाच्या) स्लीव्हमध्ये, म्हणजे शिवलेल्या लांब नळीत जातात, इनर (झोपायचा आतला भाग) आतून आधीच अडकवलेलं असतं, त्यामुळे भर पावसात उभारला तरी झोपायची जागा कोरडी राहते. वाऱ्याकडचं टोक आधी पेगने (जमिनीत रोवायच्या खुंटीने) जखडायचं, टेंट आडवा असतानाच पोल भरायचे, मग मागचं टोक ओढून उभा करायचा.

आता अडचणीची रात्र. संध्याकाळी निमुळतं टोक वाऱ्याकडे करून तुम्ही झोपलात आणि मध्यरात्री वारा फिरून बाजूवर आदळायला लागला. मधला पोल आत वाकतो, कापड तोंडावर येतं, झोत ओसरला की पोल परत उभा राहतो. एवढं टेंट सोसतो. पण सिलिकॉनचा थर दिलेलं नायलॉन भिजलं की सैलावतं, दोऱ्या ढिल्या पडतात, आणि दर झोताला पोल आणखी वाकतो. शेवटी एक तुकडा मोडतो, त्याची धार स्लीव्ह फाडते आणि त्या भोकातून वारा आत घुसतो. म्हणून बाजूच्या दोऱ्या शांत संध्याकाळीसुद्धा सगळ्या बांधायच्या, आणि पाऊस सुरू झाल्यावर कंटाळा न करता बाहेर येऊन पुन्हा ताणायच्या. पोल जोडायची नळी आणि चिकटपट्टी इनरच्या खिशात हवी, सॅकच्या तळाशी नको.

सोबत मिळणारे बारीक पेग शेवाळात टिकत नाहीत, लांब आणि रुंद घ्या. बर्फात पेगच्या मध्यावर दोरी बांधून तो आडवा पुरा, वर बर्फ तुडवा, तो घट्ट झाला की मगच ताण द्या.

मग डोम बाद? पूर्वी मी तसंच सांगायचो, हल्ली माझंच मला पटत नाही. खडकावर पेग शिरत नाही तिथे दगडांना दोऱ्या बांधून टनेल उभा करताना जीव जातो. एकमेकांना छेदणारे तीन-चार पोल असलेला डोम आपला आपण उभा राहतो, वारा कुठूनही आला तरी त्याला फार फरक पडत नाही. दोऱ्या मात्र त्यालाही हव्यातच. पण तुमच्या डोमचं इनर नुसत्या जाळीचं असेल आणि फ्लाय जमिनीपासून वर राहत असेल, तर तो नेऊ नका. जुलैतही बर्फ पडू शकतो, आणि त्याची भुकटी फ्लायखालून शिरून जाळीतून थेट स्लीपिंग बॅगवर येते. अशा हवेत दार बंद करून आत स्टोव्ह पेटवायचा मोह होतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, तेव्हा ते अजिबात नको.

मुक्काम दरीत करणार की उघड्या माथ्यावर, आणि टेंट हातमोजे घालून एकट्याने उभारता येतो का, हे आधी कळवा. मॉडेलचं त्यानंतर बोलू.