निपाणी ते साखळी आणि परत: चोर्ल्याच्या चढावर जुनी डिझेल गाडी का तापते

जुनी डिझेल गाडी तापत असेल तर ती गॅरेजात उभी करून फारसं कळत नाही. निपाणीहून बेळगाव आणि तिथून जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट करत गोव्यातल्या साखळीला उतरणारा रस्ता मात्र बरंच सांगून जातो. सपाट महामार्ग, शहरातली रखडपट्टी, लांब उतार आणि परतताना तेवढाच लांब चढ, सगळं एका फेरीत मिळतं. तापमानाची सुई किती चढली यापेक्षा ती कुठे चढली हे पाहत गेलं, तर अर्धं निदान सीटवर बसूनच होतं.

एप्रिलात मामा-मामींना साखळीला सोडायचं होतं. गाडी २००३ची, आठ माणसं बसणारी. पंखा विजेवरचा नाही, इंजिनाच्या बेल्टवर फिरणारा, आणि मधे सिलिकॉन तेलाचा फॅन क्लच, म्हणजे तापलं की पंख्याला घट्ट पकडून फिरवणारा जोड. सुमो, क्वालिस, जुनी बोलेरो या पिढीच्या कुठल्याही गाडीला पुढचं बहुतेक सगळं थोड्याफार फरकाने लागू पडतं.

निपाणी ते बेळगाव पाऊणशे किलोमीटर. तवंदी घाट संपला की गाडी ऐंशीने सहज धावते. या वेगात समोरून येणारं वारंच रेडिएटरला पुरतं, पंख्याची गरज जवळजवळ नसते. म्हणून संकेश्वर-हत्तरगीच्या पट्ट्यात सुई वर जात असेल तर पंख्याला दोष देऊ नका. रेडिएटरच्या नळ्या क्षारांनी चोंदल्यात, वॉटर बॉडी, म्हणजे पाण्याचा पंप, नीट पाणी फेकत नाही, नाहीतर रेडिएटरचा खालचा होज पाइप (रबरी नळी) आतून मऊ पडून वेगात चिपकतोय, असं काहीतरी असतं. आमची सुई अर्ध्याच्या जरा खाली, गप्प.

बेळगावात टिळकवाडीला एकाकडे डबा पोचवायचा होता, आणि दुसऱ्या रेल्वे गेटवर अडकलो. एसी चालू, गाडी जागच्या जागी. सुई हळूहळू एक जाडी वर सरकली. गेट उघडून गाडी हलली तशी ती खाली आली. उभ्या गाडीत चढते आणि पळत्या गाडीत उतरते, म्हणजे वारं कमी पडतंय. मामा मागून म्हणाले, "उतारच आहे की पुढं, चल." ते खरंच होतं. जाताना इंजिनावर ओझं नाही, परीक्षा परतीची.

कणकुंबीचा नाका ओलांडला की थोड्या वेळाने उतार सुरू होतो. आठशे मीटरच्या आसपासच्या उंचीवरून थेट गोव्याच्या सखल भागात. इथे थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावरच पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप, तपासून घ्यावा. गिअरवर उतरताना सुई थोडी घसरते, ते ठीक. पण ती पार तळाला जाऊन बसली तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय. तसं इंजिन थंड राहतं आणि डिझेल जास्त पितं. तापत नाही म्हणून कुणी लक्ष देत नाही एवढंच.

परतीला दुपारी दोनला घाटाच्या पायथ्याची केरी सोडली. ही वेळ निवडू नका. सकाळी आठच्या आत चढायला लागलात तर निम्मा त्रास वाचतो. एसी चालू, तिसरा गिअर, इंजिन रेंगाळतंय, आणि काही वळणांतच सुई पाऊण भागावर. रुंद जागा बघून गाडी घेतली, एसी बंद, बॉनेट उघडं. वाफ नव्हती, म्हणून इंजिन लगेच बंद न करता जरा जास्त रेसवर दोन-तीन मिनिटं ठेवलं. पाणी फिरत राहिलं की हेडातली, म्हणजे सिलिंडरवरच्या भागातली, उष्णता बाहेर येते. सुई लाल पट्ट्यात असेल किंवा पाणी उकळून बाहेर येत असेल, तर मात्र ताबडतोब बंद. रेडिएटरच्या झाकणाला हात लावायचाच नाही, किमान अर्धा तास.

त्या अर्ध्या तासात काय पाहायचं ते सांगतो. मामेभावाकडे दुरून तापमान मोजायचं पिस्तूल होतं. साध्या किमतीत मिळतं, जुन्या गाडीत ठेवाच. वरचा, इंजिनातून येणारा होज तापलेला आणि खालचा, इंजिनाकडे परत जाणारा बराच थंड, तर पाणी फिरत नाहीये: थर्मोस्टॅट बंद अडकलाय, नळ्या चोंदल्यात किंवा वॉटर बॉडी गेली. दोन्ही जवळजवळ सारखेच गरम, तर पाणी फिरतंय पण वारं त्याची उष्णता उचलत नाहीये. आमचे दोन्ही सारखेच. मग इंजिन बंद, चावी खिशात, आणि पंख्याला हाताने झटका दिला. तापलेल्या इंजिनावर पंखा जड लागला पाहिजे, झटका दिला तरी लगेच थांबला पाहिजे. आमचा सायकलच्या चाकासारखा फिरत राहिला. फॅन क्लच संपला होता.

तिथून वर येणं जमलं ते गिअरमुळे. पंखा आणि वॉटर बॉडी दोन्ही इंजिनाच्या वेगावर फिरतात, म्हणून तिसऱ्यात कण्हत चढण्यापेक्षा दुसऱ्यात जास्त रेसवर चढणं बरं. हीटर पूर्ण उघडला, काचा खाली. एप्रिलच्या दुपारी हीटर लावून बसणं हा काही आनंद नाही, पण हीटरची जाळी म्हणजे एक छोटा जादाचा रेडिएटरच. सुई निम्म्याला आली. माथ्यावर पोचेपर्यंत दोनदा थांबलो. घाटात मोबाइलची रेंज जाते-येते आणि गॅरेजचा भरवसा नाही, तेव्हा पाच लिटर पाणी, एक फॅन बेल्ट आणि होजच्या दोन क्लिपा सोबत हव्यात.

बेळगावात एका ठिकाणी न बघताच निकाल मिळाला: थर्मोस्टॅट काढून टाका, नाहीतर हेड उतरवा. थर्मोस्टॅट काढण्याचा सल्ला इकडे सर्रास देतात. पण अनेक इंजिनांत तोच थर्मोस्टॅट उघडताना बायपासचं तोंड बंद करतो. तो काढला की पाणी रेडिएटरला वळसा घालून आतच फिरतं आणि घाटात गाडी उलट जास्त तापते. शंका असेल तर तो पातेल्यात दोऱ्याने टांगून पाणी तापवा. त्यावर छापलेल्या अंशाच्या आसपास उघडायला लागला तर बरा आहे.

उद्यमबागेच्या बाजूला एक वयस्क मिस्त्री भेटले. त्यांचा पहिलाच प्रश्न: "गाडी पाणी खातीया का गळतीया, आदी ते सांगा." म्हटलं, दोन्ही नाही. "मग हेडाला हात कशाला लावायचा?"

हेड गॅस्केट (हेडाखालची सीलपट्टी) गेल्याच्या खुणा वेगळ्या. गार इंजिन चालू केल्यावर मिनिटभरातच वरचा होज दगडासारखा कडक होतो, झाकण उघडं ठेवलं तर पाण्यात बुडबुडे थांबतच नाहीत, बाहेर गळती नसताना पाणी रोज कमी होतं. ऑइलच्या झाकणाखाली साय दिसली म्हणून मात्र घाबरू नका, पावसाळ्यात गाडी जवळच्या जवळ फिरत असेल तर नुसत्या दमटपणानेही ती येते. डिपस्टिकवरचं ऑइलच दुधाळ असेल तर गोष्ट वेगळी.

रेडिएटर उतरवल्यावर दुसरं कारण दिसलं. एसीचा कंडेन्सर (रेडिएटरच्या पुढची जाळी) आणि रेडिएटर यांच्या फटीत धूळ, काजळी आणि उसाच्या पाचटाचा भुसा यांचा थर जमला होता. गळीत हंगामात निपाणी-संकेश्वरकडे उसाच्या ट्रॉल्यांमागून फिरणाऱ्या प्रत्येक गाडीत तो सापडेल. समोरून नुसतं पाणी मारून तो निघत नाही. दोन्ही सुटे करून इंजिनाच्या बाजूने पुढे, कमी दाबाने धुवावं लागतं. सर्व्हिसिंगच्या पिचकारीने पाती मोडतात.

मिस्त्रींनी फॅन क्लच लॉक करून द्यायची तयारी दाखवली. तात्पुरतं चालतं, पण मग पंखा कायम घोंघावतो आणि डिझेलही खातो. नवा घातला. रेडिएटरचं झाकणही बदललं. बेळगाव साडेसातशे मीटरवर आहे, तिथे उघडं पाणी सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव अंशांनाच उकळतं. ०.९ बारचं झाकण दाब धरून ते ११७-११८ पर्यंत लांबवतं. रबर कडक झालेलं झाकण म्हणजे हे वीस अंश हातचे गेले. बोअरचं पाणी भरू नका, डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मे-निम्मे.

भरताना गाडीचं तोंड चढाकडे करून उभी करा, हीटर उघडा, झाकण काढून वरचा होज गरम होईपर्यंत इंजिन चालू ठेवा, म्हणजे अडकलेली हवा निघते. दुसऱ्या दिवशी इंजिन गार असताना पातळी पुन्हा पाहा. आमच्या गाडीत आणखी अर्धा लिटर बसलं.